रॉकेट पूलचा नोड, त्रिमूर्ती नगरातून: पाचपैकी चार तारे

इथर म्हणजे इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कचं चलन. ते स्टेक करायचे, म्हणजे कमाईसाठी नेटवर्ककडे तारण ठेवायचे म्हटले की लोक आधी टक्का विचारतात. इथे तीन मिळतात, तिथे सव्वातीन. मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. पतसंस्थांची दप्तरं तपासण्यात नोकरी गेली, त्यामुळे माझे प्रश्न वेगळे असतात. ठेव कुणाच्या ताब्यात आहे? त्या ठेवीच्या जोरावर मत कोण देतं? आणि पैसे परत मागितले तर माझ्या पुढे रांगेत कोण उभं आहे? रॉकेट पूल या सेवेत अनेकांचे इथर एकत्र करून घरच्या यंत्रावर, म्हणजे नोडवर, स्टेक करता येतात. या तीन प्रश्नांना तिने स्वच्छ उत्तरं दिली, म्हणून चार तारे. पाचवा का कापला तेही सांगते.

इथर आमच्याकडे कसे आले ते आधी. माझा भाचा इथे नागपुरात, मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. बँकांनी क्रिप्टोचे व्यवहार करू नयेत हे रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. त्यानंतर आम्ही दोघांनी बचतीतून थोडे थोडे इथर घेतले. तेव्हाचा भाव आजच्या मानाने फारच कमी होता. पुढे ज्या एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर, ते पडून होते, तिथे ‘स्टेक करा’ असं बटण आलं. दाबलं, की झालं. मी मात्र अटी वाचायला बसले. तारणाच्या जोरावर नेटवर्कचे व्यवहार तपासणारा व्हॅलिडेटर कोण चालवणार, त्याचं नाव कुठेच नव्हतं. पैसे कधी परत मिळतील, तर ‘नेटवर्कच्या स्थितीनुसार’. ग्राहकसेवेला लिहून विचारलं तर अटींमधला तोच परिच्छेद उत्तर म्हणून परत आला. एखाद्या पतसंस्थेने मला असं उत्तर दिलं असतं तर तिच्या अहवालात मी शेरा मारला असता.

स्टेकिंगला मुदत ठेव समजणारे बरेच भेटतात, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंग, म्हणजे यंत्रांच्या शर्यतीतून हिशोब लिहिणं, सोडलं. विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. तेव्हापासून दर १२ सेकंदांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा, तयार होतो आणि तो बरोबर आहे की नाही यावर व्हॅलिडेटर मत देतात. एका व्हॅलिडेटरला किमान ३२ इथर तारण ठेवावे लागतात. तारणाच्या हिशोबाने दोन तृतीयांश मतं जुळली की त्या ब्लॉकमधला हिशोब कायम होतो, मग मागे फिरता येत नाही. एक तृतीयांशापेक्षा जास्त मतं गप्प बसली तर कायम होणं थांबतं. तुम्हाला मिळणारे तीन टक्के हे त्या मतदानाच्या कामाचे पैसे आहेत. एक्स्चेंजवर बटण दाबलं तेव्हा आम्ही इथरबरोबर हे कामही आणि मतही दुसऱ्याला देऊन टाकलं होतं.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये एक सभासद, एक मत अशी तरतूद आहे. भागभांडवल कितीही असो, मत एकच, आणि ते स्वतः येऊन द्यायचं, मुखत्यारामार्फत नाही. हा नियम केला त्यांना माहीत होतं की पैशाच्या वजनावर मत दिलं की संस्था तीन-चार घरांची होते. इथेरियमला हा नियम लावता येत नाही, कारण एकच माणूस हजार पत्ते, म्हणजे खाती, उघडू शकतो आणि तिथे कुणी ओळखपत्र तपासत नाही. त्यामुळे मताचं वजन तारणावरच ठरतं. मला ते मान्य आहे. पण मग ते तारण किती हातांत आहे, हे बघण्याची जबाबदारी तारण ठेवणाऱ्यावर येते. तुमच्या-माझ्यावर.

आणि हात कमी होत चाललेत. २०२५ मध्ये एकूण स्टेक झालेले इथर साडेतीन कोटींच्या आसपास होते. कॉइनबेस या अमेरिकी एक्स्चेंजने मार्च २०२५ मध्ये स्वतःच जाहीर केलं की त्यातले ११.४२ टक्के त्यांच्या व्हॅलिडेटरांकडे आहेत. लिडो या स्टेकिंग सेवेचा वाटा २०२३ मध्ये ३२ टक्क्यांच्या घरात गेला होता, म्हणजे एक तृतीयांशाच्या अगदी उंबरठ्यावर. त्याआधी, २०२२ च्या मध्यात, स्वतःच्या वाढीवर मर्यादा घालावी का असं लिडोने आपल्या टोकनधारकांना विचारलं होतं. जवळजवळ एकमुखाने उत्तर आलं: नको. ते मी वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण वार्षिक सभांमधे असे ठराव मी समोर बसून ऐकले आहेत. पुढे लिडोचा वाटा पाव हिश्शाच्या आसपास उतरला. तो एका हातात नाही, बऱ्याच ऑपरेटरांत वाटलेला आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून घरगुती नोडवाल्यांसाठीही त्यांनी दार उघडलं आहे. हेही सांगायला हवं.

२०२५ मध्ये मोठ्या पैशाला वाट मोकळी झाली. २९ मे रोजी अमेरिकेच्या एसईसीच्या, म्हणजे रोखे बाजाराच्या नियामकाच्या, एका विभागाने म्हटलं की नेटवर्कचं साधं स्टेकिंग म्हणजे रोख्यांची विक्री नव्हे. याच एसईसीने फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रॅकेन या एक्स्चेंजकडून स्टेकिंग सेवेपायी ३ कोटी डॉलर घेतले होते आणि अमेरिकेतली ती सेवा बंद करायला लावली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ग्रेस्केल या गुंतवणूक कंपनीने आपल्या इथरच्या फंडात स्टेकिंग सुरू केलं. डिसेंबरमध्ये बिटमाइन या कंपनीने सुरुवात केली. तिच्या तिजोरीत तेव्हाच ४० लाखांहून जास्त इथर होते. अमेरिकेतल्या बहुतेक इथर फंडांची कस्टडी, म्हणजे इथर सांभाळण्याचं काम, कॉइनबेसकडे आहे. फंडांची नावं वेगळी, जाहिराती वेगळ्या, पण तिजोरीची किल्ली बऱ्याचदा त्याच घरात.

याचा तुमच्या टक्क्याशीही संबंध आहे. एकूण स्टेक वाढला की दर घटतो, आणि तो वर्गमुळाच्या हिशोबाने घटतो: स्टेक चौपट झाला तर दर निम्मा. मोठ्या फंडाला अडीच टक्केही चालतात, कारण त्याचा दर इथरमागचा खर्च नगण्य असतो. घरी नोड चालवणाऱ्याला वीज, इंटरनेट आणि डिस्क यांचा खर्च त्यातूनच काढावा लागतो. म्हणजे स्वतंत्र असल्यामुळे जो नेटवर्कच्या कामाचा, तोच आधी परवडेनासा होऊन बाहेर पडतो.

संस्था आल्या म्हणून सगळं बिघडलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पैशामुळे नेटवर्कवर हल्ला करणं आणखी महाग झालं. त्यांची यंत्रं अनेक देशांत पसरलेली आहेत आणि रात्री-बेरात्री बघणारी माणसं आहेत. टीका झाली की काही जण सुधारतातही. २०२४ च्या सुरुवातीला बहुसंख्य व्हॅलिडेटर गेथ या एकाच क्लायंटवर, म्हणजे नोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, होते, कॉइनबेससुद्धा. त्या जानेवारीत नेदरमाइंड या दुसऱ्या क्लायंटमध्ये बिघाड झाला. तो थोड्याच व्हॅलिडेटरांकडे असल्यामुळे नेटवर्कला काही झालं नाही. पण हाच बिघाड गेथमध्ये झाला असता तर, हा प्रश्न लोकांनी जाहीरपणे विचारला आणि कॉइनबेसने आपले काही व्हॅलिडेटर दुसऱ्या क्लायंटवर हलवले. विचारणारे होते म्हणून ते झालं.

आता रॉकेट पूल. ही सेवा नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. व्हॅलिडेटरला ३२ इथर लागतात, आणि तेवढ्यात नागपुरात टू बीएचके येतो. आम्ही सुरुवात केली तेव्हा रॉकेट पूलमध्ये आपण ८ इथर घालायचे, उरलेले २४ पूलमधून यायचे, म्हणजे ज्यांना नोड चालवायचा नाही अशा ठेवीदारांकडून. त्यांना बदल्यात आरईटीएच नावाचं टोकन मिळतं. पूलमधून आलेल्या इथरच्या कमाईतून नोडवाल्याला कमिशन मिळतं. ठेव तुमची, यंत्र तुमचं, किल्ली तुमची, मत तुमचं. आम्ही २०२४ च्या अखेरीस सुरुवात केली. तोवर त्यांचं स्वतःचं आरपीएल टोकन तारण ठेवण्याची सक्ती उठली होती.

यंत्र म्हणजे एक छोटा मिनी पीसी, ३२ जीबी रॅमचा. डिस्क घ्यायला बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलो तर दुकानदाराने स्वस्तातली एसएसडी पुढे केली. भाचा म्हणाला, “दादा, हे नाही चालत. दिवसरात्र लिहिणं चालू राहते तिच्यावर.” हे लक्षात ठेवा: सगळी काटकसर बाकीच्या वस्तूंत करा, डिस्कमध्ये नको. २ टीबी लवकर भरते, सरळ ४ टीबी घ्या. विजेचा खर्च महिन्याला वीस-पंचवीस युनिटांचा, पंख्याइतकाच. इंटरनेटच्या ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही डेटाची मर्यादा असते, ती नोड सुरू करायच्या आधी वाचून घ्या. आणि बऱ्याच कंपन्या इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता (आयपी) अनेक घरांना वाटून देतात. तसं असेल तर बाहेरचे नोड तुमच्याशी आपणहून जोडले जात नाहीत. स्टॅटिक आयपी मागून घेतल्यावर आमचा हा प्रश्न सुटला.

त्यांचं स्मार्टनोड हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडलं. बसवताना ते विचारतं की कुठला क्लायंट हवा, आणि ठरवता येत नसेल तर आपणच चिठ्ठी टाकून निवडून देतं. सगळ्यांनी एकाच क्लायंटवर गर्दी करू नये म्हणून ही सोय आहे. बाहेरच्या ब्लॉक बांधणाऱ्यांकडून तयार ब्लॉक घ्यायचे तर मध्ये रिले नावाचे मध्यस्थ लागतात. तेही निवडायला मिळतात, आणि कुठले रिले अमेरिकी निर्बंध पाळतात हे वेगळं दाखवलेलं असतं. ८ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेने व्यवहारांचा माग लपवणाऱ्या टोर्नेडो कॅश या सेवेवर निर्बंध घातले. त्यानंतर काही महिने बहुसंख्य ब्लॉक निर्बंध पाळणाऱ्या रिलेंमधून येत होते आणि काही लोकांचे व्यवहार ताटकळत होते. पुढे मार्च २०२५ मध्ये ते निर्बंध उठवलेही गेले. मोठ्या संस्थेला आपल्या देशाचा कायदा पाळावाच लागतो, त्यात तिचा दोष नाही. पण सगळी मतं एकाच देशाच्या कायद्याखालच्या संस्थांकडे गेली तर नेटवर्कलाही तोच कायदा लागू झाल्यासारखं होतं. इथे नागपुरात बसून आम्ही आमची निवड केली, ती कुणाच्या कायदा विभागाला विचारून नव्हे.

सगळे विचारतात तो प्रश्न म्हणजे नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि नेमकी दुपारीच लाइट जाते. कूलरसमोर यंत्र ठेवू नका. त्या हवेत दमटपणा असतो आणि खसच्या टट्ट्यांतून धूळही येते. आम्ही मधल्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीशी, उघड्या रॅकवर ठेवलं आहे. इन्व्हर्टर आहे, पण लांबलचक भारनियमन झालं तर तोही दम टाकतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी घाबरून भाच्याला फोन केला.

तो म्हणाला, “मावशी, तू काऊन टेन्शन घेऊन राहिली? लाइट गेली तं थोडेसे पैसे कटतात, बस. आली की भरून निघते.”

त्याचं म्हणणं खरं निघालं. व्हॅलिडेटर बंद असताना जो दंड बसतो तो साधारण तेवढ्या वेळाच्या कमाईइतकाच असतो. जितका वेळ बंद, साधारण तितकाच वेळ पुन्हा चालला की हिशोब बरोबर. त्रिमूर्ती नगरातला एक नोड दुपारभर झोपला म्हणून इथेरियमला जागही येत नाही.

पण हेच मोठ्या प्रमाणावर झालं तर? ११ आणि १२ मे २०२३ रोजी प्रिझम आणि टेकू या क्लायंटांवर ताण आला आणि एवढे व्हॅलिडेटर एकदम मागे पडले की हिशोब कायम होणं थांबलं. पहिल्या दिवशी सुमारे २५ मिनिटं, दुसऱ्या दिवशी तासाहून जास्त. व्यवहार चालू राहिले, कारण वेगळ्या क्लायंटवरचे नोड शाबूत होते. डिसेंबर २०२५ मध्ये इथेरियमच्या फुसाका नावाच्या सुधारणेनंतर लगेच प्रिझममध्ये पुन्हा दोष निघाला आणि मतदान बरंच खाली आलं. त्या वेळीही बाकीच्यांनी तोल सांभाळला.

प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांनी हे ओळखून दंडही तसाच ठेवला आहे. दुहेरी किंवा परस्परविरोधी मत दिलं की स्लॅशिंग होतं, म्हणजे तारण कापलं जातं, आणि दंड किती ते आसपासच्या काही आठवड्यांत आणखी किती जण स्लॅश झाले यावर ठरतं. एकटा चुकला तर थोडक्यात सुटका. एक तृतीयांश तारण एकदम चुकलं तर सगळं तारण जातं. एकाच ऑपरेटरकडे सगळ्यांनी ठेवी दिल्या तर सगळ्यांच्या चुका एकाच वेळी होणार. सप्टेंबर २०२५ मध्ये ३९ व्हॅलिडेटर एकदम स्लॅश झाले. दोष प्रोटोकॉलचा नव्हता, चालवणाऱ्यांच्या व्यवस्थेचा होता. घरच्यांनीही इथे जपायला हवं: एकच किल्ली दोन यंत्रांवर कधीही चालवू नका. ‘लाइट गेली तर दुसरं यंत्र तयार असावं’ हा विचार मनात येतो, आणि स्लॅशिंगचा सरळ रस्ता तोच आहे. बंद राहण्याचा दंड चिल्लर, दुहेरी मताचा त्याहून कितीतरी मोठा.

बाहेर पडायच्या रांगेबद्दल कुठल्याही जाहिरातीत एक ओळ नसते, म्हणून तेही. इथेरियमच्या स्टेकिंगमधून एका दिवसात सुमारे ५७,६०० इथरच बाहेर पडू शकतात. नेटवर्क एकदम रिकामं होऊ नये म्हणून हा दरवाजा मुद्दाम अरुंद ठेवला आहे आणि तो सर्वांना एकच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये स्विसबोर्ग या क्रिप्टो कंपनीच्या ग्राहकांचे सुमारे ४ कोटी डॉलरचे सोलाना, म्हणजे एका दुसऱ्या नेटवर्कचं चलन, चोरीला गेले. त्यांचं स्टेकिंग किल्न ही कंपनी बघत होती आणि तिच्या एपीआयमधून, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या दारातून, चोर घुसले होते. खबरदारी म्हणून किल्नने आपले इथेरियमचे सगळे व्हॅलिडेटर बाहेर काढायला लावले. निर्णय शहाणपणाचा होता. पण रांग वीस लाख इथरच्या वर गेली आणि मागे उभ्या राहिलेल्यांना चाळीसेक दिवस थांबावं लागलं. चोरी दुसऱ्याच नेटवर्कवरची, काळजी एका कंपनीची, आणि थांबले जगभरातले लहान ठेवीदार. भाच्याचा थोडा हिस्सा तेव्हा अजून त्या जुन्या एक्स्चेंजवर होता. त्याने अर्ज केला तर स्क्रीनवर ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढंच. रांगेत कितवा आहे ते कुणी सांगेना. स्वतःच्या व्हॅलिडेटरसाठीही रांग तीच असते, पण आपला क्रमांक आणि अंदाजे तारीख उघड दिसते. मला त्या दिसण्याची किंमत फार वाटते.

पाचवा तारा कापला तो यासाठी. सगळी माहिती इंग्रजीत आहे आणि अफाट आहे. मदत डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर मिळते, लोक तत्पर आहेत, पण माझ्या वयाच्या माणसाला भाच्याशिवाय हे जमणार नाही. पूलमधल्या रकमांचा ताळा एक निवडक गट साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, नोंदवतो, त्याला ओरॅकल डीएओ म्हणतात. तिथे विश्वास ठेवावाच लागतो आणि लेखापरीक्षक म्हणून मला ते खटकतं. कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ठेवी सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, दोष निघण्याची जोखीम कुठल्याही पूलमध्ये असते, इथेही आहे. आणि २४ शब्दांची किल्ली हरवली तर जगात कुणाकडे दाद मागता येत नाही. आमची कागदावर आहे, दोन वेगळ्या जागी, फोटो नाही.

कराचं बोलल्याशिवाय आपल्याकडे हिशोब पुरा होत नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, वर उपकर, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. स्टेकिंगच्या बक्षिसाबद्दल रामदासपेठेतल्या आमच्या सीएंचं मत असं की ज्या दिवशी ते हाती आलं त्या दिवशीच्या रुपयांतल्या भावाने उत्पन्न धरावं आणि पुढे विकलं की नफ्याचा कर वेगळा. म्हणून आम्ही प्रत्येक बक्षिसाची तारीख आणि भाव वहीत लिहून ठेवतो. इथर देऊन आरईटीएच घेणं हाही हस्तांतराचाच व्यवहार धरावा, असं ते म्हणतात. तुमच्या सीएंना विचारल्याशिवाय ती अदलाबदल करू नका.

हे घ्यावं कुणी? नोडसाठी लागतात तेवढे इथर घरात असतील, महिन्यातून एखादी संध्याकाळ अपडेटसाठी देता येत असेल आणि कमांड लाइनला न घाबरणारं कुणी जवळचं असेल, तर जरूर घ्यावं. त्यापेक्षा कमी असतील तर आरईटीएच. ०.०१ इथरपासून घेता येतं आणि तुमची ठेव कुठल्या तरी घरगुती नोडमागे उभी राहते. एवढंही जमत नसेल आणि एक्स्चेंजवरच राहायचं असेल, तर त्यांना ईमेलने तीन गोष्टी लेखी विचारा: माझे इथर कुठल्या ऑपरेटरकडे आहेत, तो कुठला क्लायंट चालवतो, आणि मी बाहेर पडायचं ठरवलं तर रांगेतला माझा क्रमांक मला दिसेल का. आमच्या जुन्या एक्स्चेंजला मी हेच तीन प्रश्न पुन्हा पाठवले आहेत. उत्तर आलं तर याच परीक्षणात जोडेन, जसंच्या तसं.